पंखा नको, दोन तास द्या

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या शाळेत जा आणि मान वर करून पंख्याकडे बघा. पात्यावर 'सप्रेम भेट' रंगवलेलं असतं आणि पुढे कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव. तेच कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळावर. मी नाशिक जिल्ह्यात आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक म्हणून नोकरी केली. काही वर्षं दिंडोरीकडच्या शाळेत आणि पुढे शहरात, सिडकोच्या बाजूला. खरं सांगतो, बरीच वर्षं 'लोकसहभाग' या शब्दाचा अर्थ मला एवढाच कळला होता की शाळेत काय कमी आहे त्याची यादी करायची आणि पावतीपुस्तक घेऊन गावात फिरायचं.

यादी पुरी व्हायची. वर्गात मात्र आधी जे चाललं होतं तेच पंख्याखाली बसून चालायचं.

नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, आणि तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात दोन शब्दप्रयोग हमखास कानावर पडतात: 'समुदायाशी भागीदारी' आणि 'शिक्षणाच्या विविध वाटा'. पडद्यावर रंगीत गोल फिरतात, बाण एकमेकांना जोडले जातात, चहा येतो. घरी आल्यावर बायको विचारते, आज काय शिकवलं? सांगता येत नाही. म्हणून हे दोन शब्द माझ्या समजुतीप्रमाणे उलगडून सांगतो. पालकांनी वाचलं तरी चालेल, किंबहुना त्यांनी जरूर वाचावं.

वर्गणी वेगळी, वाटा वेगळा

वर्गणी देणारा देतो, घेणारा पावती फाडतो आणि विषय संपतो. भागीदारी ही वाट्याने केलेल्या शेतीसारखी असते. एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट, बियाणं-खत निम्मं-निम्मं. पीक आलं तर दोघांचं आणि गारपीट झाली तरी दोघांची. मुख्य म्हणजे दोघांनाही अधूनमधून बांधावर भेटावं लागतं आणि आभाळाकडे बघावं लागतं. शाळेला पंखा देणाऱ्याला पुन्हा शाळेत यायची गरज नसते. आठवीच्या मुलांना दर महिन्याला दोन तास काहीतरी शिकवणाऱ्याला यावंच लागतं. मग त्याला मुलांची नावं कळतात, कुणाला दिसायला कमी आहे ते कळतं, शौचालयाचं दार मोडलंय हेही कळतं आणि तो मुख्याध्यापकाला त्याबद्दल विचारू लागतो. मुख्याध्यापकांना भागीदारी नकोशी वाटते त्याचं खरं कारण बहुधा हेच असावं.

कायद्यानं याची सोय आधीच करून ठेवली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित गटातल्या पालकांनाही प्रमाणात जागा हवी. कलम २२ म्हणतं, सरकारी शाळेत या समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा; अनुदानित शाळेत मात्र समितीचं काम सल्ल्यापुरतं. कागदावर बघितलं तर हे फार मोठं आहे. शाळेनं पुढे काय करायचं हे ठरवायचा अधिकार द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बाईला कायद्यानं दिला आहे.

प्रत्यक्षात काय होतं हे शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा. आराखडा मुख्याध्यापक मागच्या वर्षीचा पुढे ठेवून लिहितो आणि इतिवृत्ताची वही शिपायाबरोबर अध्यक्षांच्या घरी सहीला जाते. मीही पाठवली आहे.

सिडकोच्या शाळेत आलो तेव्हा पालकसभा शुक्रवारी अकरा वाजता असायची. का, तर पूर्वीपासून तशीच होती. पहिल्या सभेला वर्गात बावन्न मुलं आणि पालक आले नऊ. अहवालात मी लिहिलं, 'पालक उदासीन'. त्याच आठवड्यात संध्याकाळी फाटकापाशी एक आई भेटली. अंबडला कंपनीत होती. म्हणाली, "सर, अकराला मी मशीनवर असते. अर्ध्या दिवसाचा खाडा पडला तरी महिन्याचा हजेरीचा बोनस जातो. तुम्ही बोलावता ते कळतं हो, पण यायचं कसं?"

मी तोवर कधी पाळ्यांच्या वेळा विचारल्याच नव्हत्या. ज्या वस्तीतली निम्मी घरं सातपूर-अंबडच्या भोंग्यावर चालतात तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक असून.

पुढची सभा आम्ही शाळेत घेतली नाही. वस्तीतल्या समाजमंदिरात रात्री साडेआठला घेतली. सतरंजी कमी पडली. आणि या सभेत मार्कांचा विषय मुद्दाम काढला नाही. मी एवढंच विचारलं, "तुम्ही जे काम करता ते आमच्या मुलांना दाखवाल का?" बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एकजण म्हणाला, "आमचं काय दाखवायचं सर, आम्ही नुसते ऑपरेटर."

पुढच्या महिन्यात तो 'नुसता ऑपरेटर' नववीच्या वर्गात उभा होता. हातात स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर. आमच्या प्रयोगशाळेतही व्हर्निअर होते, पण कुलपात, कारण हरवले तर भरून कोण देणार. त्यानं एका मुलाच्या पेनचा व्यास मोजला, मग आमच्या व्हर्निअरनं मोजायला लावला. आमचा ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजायचा, त्याचा ०.०२ पर्यंत. एका मुलीनं विचारलं, एवढंसं मोजून काय करायचं? त्यानं खिशातून दोन बुश, म्हणजे दांड्यावर बसवायच्या धातूच्या कड्या, काढले, दिसायला अगदी सारखे. एक दांड्यावर सरकन बसला, दुसरा अडकला. "हा अडकला ना, हा परत येतो. आणि मग पगारवाढीच्या वेळी आपण अडकतो." वर्ग हसला. भौतिकशास्त्रातलं 'लघुतम माप' माझ्याकडून त्या वर्गाला इतकं कधीच कळलं नसतं.

वहीतला नकाशा

त्या सभेनंतर मी एक साधी दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर माणूस: काय काम करतो, कुठे राहतो, मोकळा कधी असतो. उजव्या पानावर मुलं त्याच्याकडून काय शिकू शकतील आणि शाळा त्याला काय देऊ शकेल. हा शेवटचा भाग मी सुरुवातीला रिकामाच ठेवला होता. शाळा काय देणार? मग हळूहळू सापडत गेलं. संध्याकाळी मोकळा हॉल. बचतगटाच्या बायकांना हिशेब मांडून द्यायला दहावीच्या दोन मुली. अर्ज लिहून देणारे शिक्षक. आणि नववीच्या वर्गात उभं राहून आपल्या पोरीसमोर 'सर' म्हणवून घेण्याचा मान, जो त्या ऑपरेटरला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुणी दिला नव्हता.

धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावं अशी कल्पना आहे. बऱ्याच शाळांत या दहा दिवसांची सहल होते किंवा रांगोळी स्पर्धा. रांगोळीबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार सांगितलेत ते बघा: जिवंत गोष्टींबरोबरचं काम, यंत्र आणि साहित्याबरोबरचं काम, माणसांच्या सेवेचं काम. हे तीन रकाने घेऊन नाशिकचा नकाशा समोर ठेवला तर बोट ठेवाल तिथे शाळा आहे. पहिल्या रकान्यात दिंडोरी-निफाडच्या बागा, लासलगावचा कांदा, मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी. दुसऱ्यात सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, येवल्याचे पैठणीचे माग, जुन्या नाशकातले तांबट. तिसऱ्यात दवाखाने, वाचनालयं (१८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय याच शहरात आहे), आणि गंगेवरचा रोजचा यात्रेकरूंचा राबता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. २०२७ च्या सिंहस्थात तर या शहराला पाणी, कचरा, रस्ते, भाषा, आजारपण असे सगळे विषय एकदमच सोडवावे लागणार आहेत. एखाद्या शाळेनं नुसता एका गल्लीतल्या कचऱ्याचा हिशेब मांडला तरी गणित, भूगोल, नागरिकशास्त्र तिन्ही झाले.

अर्थात हे काही २०२० ला कुणाला अचानक सुचलेलं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांनी घेतला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम. वेल्डिंग, नळजोडणी, माती परीक्षण, रक्तगट तपासणी. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलं गावाला उपयोगी पडतील अशी छोटी कामं करून देत. आपल्या जिल्ह्यातली मराठा विद्या प्रसारक ही संस्था १९१४ ची, तीही गावोगावच्या माणसांनी उभी केली. म्हणजे लोकांनी शाळा उभारण्याची सवय आपल्याला जुनी आहे. उभारून झाल्यावर मात्र आपण लोकांना फाटकाबाहेर ठेवलं.

द्राक्षबागेतला एक दिवस

आता दिंडोरीकडची गोष्ट, जिच्यामुळे माझं बरंचसं मत बदललं. डिसेंबर असावा. विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं, चालू होती. आठवीचा वर्ग शेजारच्या बागेत नेला. बागायतदार आमचाच माजी विद्यार्थी. त्यानं विचारलं, "ओळीत नऊ फूट, झाडात पाच फूट. एकरात झाडं किती?" मुलांनी वह्या काढल्या. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले पंचेचाळीस, उत्तर ९६८. बागायतदार म्हणाला, "आमची तर साडेनऊशेच्या आतच बसतात. बाकीची कुठे गेली सांगा." मुलं गोंधळली. एक मुलगी म्हणाली, बांधावर. दुसरा म्हणाला, ट्रॅक्टर वळायला जागा नको का? क्षेत्रफळाचं गणित पुस्तकात कधीही ट्रॅक्टर वळायला जागा सोडत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मग विरळणीचा विषय निघाला. वर्गात कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा पुढे झाला. घरचे सुरगाण्याकडचे, मजुरीला इकडे आलेले. त्यानं घड हातात घेतला आणि कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला का लागू द्यायचं नाही हे सगळं दाखवलं. "मणी दाटले की आत वारा जात नाही. मग कुजतात." बागायतदारही ऐकत राहिला. मला आनंद झाला. येताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कुठे शिकलास रे?

"मागच्या साली सर. दिवाळीनंतर दोन महिने होतो ना बागेवर."

ते दोन महिने माझ्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शेरा होता: अनियमित.

इथे थांबून कायदा नीट समजून घ्यायला हवा, कारण 'कामातून शिक्षण' म्हणता म्हणता आपण कुठे घसरू शकतो ते या मुलाकडे बघून कळतं. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. अटींवर काम करणारे बालकलाकार सोडले तर घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर मदत एवढीच सूट, तीही धोक्याचं काम नसेल तर. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे. तो मुलगा तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. बाग तीच होती आणि हातात कात्रीही तशीच. आमच्या वर्गासाठी तो दप्तराविना दिवस, त्याच्यासाठी आदल्या वर्षी ती मजुरी. फरक कसा ओळखायचा? मी स्वतःपुरती एक खूण ठरवली आहे. मुलाला चुकायची मुभा आहे का ते बघायचं. घड बिघडला तरी कुणी ओरडणार नसेल, तर मूल शिकतंय. घड बिघडला की रोज कापला जाणार असेल, तर ते कामाला आहे, मग कागदावर आपण काहीही लिहू.

बाकी सुरक्षिततेचे नियम थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला सोपे आणि पाळायला कंटाळवाणे आहेत. बाहेर न्यायचं तर पालकांची लेखी संमती. बाहेरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी मुलांबरोबर तो एकटा नसावा, शिक्षक सोबत हवाच. नियमित येणाऱ्याची पोलीस पडताळणी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळांमधली सखी सावित्री समिती २०२२ पासूनची. दोन्हींची माहिती येणाऱ्या पाहुण्यालाही द्यावी. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

त्या मुलाबद्दल बागायतदाराशी बोललो. भांडायला गेलो नव्हतो. त्याला मजूर हवेत, आईबापाला उचल फेडायची आहे, आणि मला मूल वर्गात हवं आहे. तिघांनी मिळून एवढं ठरलं की शाळेच्या वेळेत मुलं बागेत दिसणार नाहीत आणि सकाळी माल घेऊन जाणारी पिकअप बागेवरच्या मुलांना शाळेपाशी सोडेल. एवढीशी गोष्ट. पण नोकरीतली माझी पहिली खरी भागीदारी तीच, आणि तिची पावती कुठेच नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं बागांकडे येतात. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल गाव सोडतं तेव्हा मूळ शाळेनं ते द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेनं त्याला लगेच त्याच्या इयत्तेत बसवून घ्यायचं. कार्ड चांगलं आहे, पण कार्डापेक्षा दोन मुख्याध्यापकांमधला एक फोन जास्त काम करतो. "माझी सात मुलं तुमच्याकडच्या बागांवर येताहेत, त्यातल्या दोघांना वाचता येत नाही, एकीला गाणी फार येतात." शाळाशाळांमधली भागीदारी म्हणतात ती हीच. समुदाय म्हटलं की आपण फक्त कंपनी आणि सरपंच बघतो. पन्नास-साठ किलोमीटरवरची दुसरी शाळा आपल्याला दिसतच नाही.

वाटा किती, आणि परत यायचं कसं

आता दुसरा शब्दप्रयोग, विविध वाटा. आपल्या घराघरात दहावीनंतरच्या वाटांची एक उतरंड ठरलेली आहे: सायन्स हुशारांसाठी, कॉमर्स बऱ्यांसाठी, आर्ट्स उरलेल्यांसाठी आणि आयटीआय 'बघू काहीतरी' वाल्यांसाठी. माझ्या मुलानं दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हा एका लग्नात बायकोला कुणीतरी हळूच विचारलं होतं, "मार्क कमी पडले का?"

म्हणून पालकांच्या सभेत मी फळ्यावर साधा हिशेब मांडायचो. दहावीनंतर अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची पदवी चार, एकूण सहा. दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमा तीन वर्षं, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. एकूण सहाच. आता आयटीआय. दोन वर्षांचा ट्रेड, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे दोन वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तीन. एकूण सात. जिला आपण बंद गल्ली समजतो त्या वाटेनं पदवीपर्यंत जायला फक्त एक वर्ष जास्त लागतं, आणि दुसऱ्याच वर्षाअखेर हातात रोजगाराचं प्रमाणपत्र असतं. हा हिशेब फळ्यावर पुरा झाला की सभेत एक विशिष्ट शांतता पसरायची. मग कुणीतरी विचारायचं, हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही?

अर्थात थेट प्रवेशाच्या जागा ठराविक असतात, मार्क लागतात, आणि आयटीआयतून डिप्लोमाला गेलेल्याला गणित जड जातं. हेही त्याच सभेत सांगायला हवं. नाहीतर आपण नवीन स्वप्न विकतो एवढंच.

वाटेची खरी परीक्षा ती पुढे कुठे जाते यावर होत नाही. चुकलो तर मागे फिरता येतं का, मधे थांबलो तर पुन्हा चालता येतं का, यावर होते. त्यासाठीच्या सोयी आहेत, पण त्या शाळेच्या सूचनाफलकावर मी क्वचितच पाहिल्या. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत एकेक विषय करत दहावी पुरी करता येते आणि विषय निवडायला मोकळीकही बरीच असते. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून आपल्याच शहराच्या कडेला, गंगापूर धरणाजवळ उभं आहे. राज्यभरातले ड्रायव्हर, पोलीस, अंगणवाडी सेविका तिथून पदवीधर झाल्या, आणि आपल्या शाळेतून गळालेल्या मुलाच्या आईला ते नुसतं बसमधून दिसतं.

वाटा शाळेच्या आतही लागतात. बागलाण-मालेगावकडचं मूल घरी अहिराणी बोलतं, पेठ-सुरगाण्याकडचं कोकणा. पहिलीत त्याला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला की ते गप्प बसतं आणि आपण त्याला 'मागे' म्हणतो. त्याच्या बोलीत गोष्ट सांगणारी आजी महिन्यातून दोनदा वर्गात आली तर तीसुद्धा वाट आहे, आणि तिला खर्च शून्य. नववीपासून काही शाळांत व्यवसाय शिक्षणाचे विषय असतात, ते घेणाऱ्याला 'ढ' तुकडीत टाकलं नाही तर तीही वाट.

हे तुकडीत टाकणं हाच या सगळ्या कल्पनेतला मोठा धोका आहे आणि प्रशिक्षणात त्यावर कुणी बोलत नाही. विविध वाटा म्हणता म्हणता मुलं आईबापाच्या परिस्थितीप्रमाणे वाटली जातात. मजुराच्या मुलाला आपण सहज सुचवतो, आयटीआय कर, लवकर पायावर उभा राहशील. डॉक्टरांच्या मुलाला पंचेचाळीस टक्के पडले तरी ते सुचवत नाही, शिकवणी सुचवतो. माझ्याकडूनही झालंय. नंतर मी कुणालाही सल्ला देताना मनात एक प्रश्न विचारायचो, एवढेच मार्क असलेल्या माझ्या स्वतःच्या मुलीला मी हेच सांगितलं असतं का? बऱ्याचदा उत्तर 'नाही' यायचं. मग त्या मुलाला आणखी दोन वाटा दाखवायच्या, त्या वाटांवरून गेलेला माणूस भेटवायचा आणि निवड त्याच्यावर सोडायची. वहीतली माणसं इथे कामाला येतात. आयटीआय करून पुढे डिप्लोमाला गेलेली मुलगी वर्गात येऊन अर्धा तास बोलली की माझ्या फळ्यावरच्या हिशेबाची गरजच राहत नाही. आणि हे निकालाच्या दिवशी नव्हे, नववीच्या दिवाळीआधी व्हायला हवं.

कंपन्यांच्या पैशाबद्दल दोन शब्द. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा शाळांकडे येतो आणि यावाच. पण एका कंपनीनं आमच्या शाळेला टॅब दिले तेव्हा आम्ही फोटो काढला आणि ते कपाटात ठेवले, कारण चार्ज करायला वर्गात एकच पॉइंट होता आणि बिघडले तर कुणाकडे जायचं हे ठरलं नव्हतं. दोन वर्षांनी बॅटऱ्या फुगल्या. चूक देणाऱ्याची म्हणता येत नाही, आम्हीच विचारलं नाही. आज मी त्या साहेबांना म्हणेन, टॅब निम्मे द्या आणि तुमचा एक इलेक्ट्रिशियन महिन्यातून दोन तास द्या. मुलं त्याच्या हाताखाली वर्गातलं वायरिंग समजून घेतील आणि टॅबही चालतील.

तो सुरगाण्याकडचा मुलगा नववीत गळाला. कुटुंब दुसऱ्या तालुक्यात गेलं, फोन लागेना. दोन वर्षांनी बागायतदारानंच कळवलं की पोरगा परत आलाय, ट्रॅक्टर चालवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरला, अभ्यासाला रात्री आमच्या एका शिक्षकाच्या खोलीवर यायचा. गणितात पहिल्यांदा राहिला, पुरवणी परीक्षेत सुटला. मग तालुक्याच्या आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड. आता पिंपळगावकडे एका गॅरेजमध्ये आहे. माझ्या वहीच्या एका डाव्या पानावर त्याचं नाव आहे, उजवीकडे लिहिलंय: 'रविवारी मोकळा, इंजिन उघडून दाखवतो, विरळणीसुद्धा.'

निवृत्तीच्या दिवशी नव्या मुख्याध्यापिकेला चार्ज द्यायचा होता. चार्ज यादीत सगळं असतं: कपाटं, बाकं, घंटा, नकाशे, किती पंखे चालू आणि किती बंद. यादी वाचून झाली, सह्या झाल्या. मी ती दोनशे पानी वही पुढे सरकवली. आमचे क्लार्क भाऊसाहेब नियमाला पक्के. चष्मा वर करून त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "सर, हिची डेडस्टॉकला नोंद कशात घ्यायची?"

नव्या बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि पहिलं पान उघडून विचारलं, "यातलं रविवारी कोण कोण मोकळं असतं?"